सुकडी कुणाच्या पोटात

४ नोव्हेंबर
परत पाकीट गायब! अंगणवाडीतून गरोदर बायांना मिळते ती सुकडी मीच आणली, मीच फडताळात ठेवली. विचारलं तर सासू म्हणते, "म्हशीला घातली. सातवा लागलाय तुला. आता खाऊन पोर मोठं झालं की पोट फाडत्यात!" दुसऱ्या खेपेची बाई मी, मला शिकवते! वर माझ्या ताटात मोजकंच वाढते. नर्सबाई म्हणतात रक्त आठवर आलंय, नीट खा, नाहीतर बाळंतपणात सातारला पळवावं लागेल, काही भरवसा नाही. आता मी कुणाचं ऐकू? म्हशीचं?

५ नोव्हेंबर
ह्यांना फोन केला. "आयचं आन् तुझं तुमी बघा." झालं! ह्याला म्हणायचं नवरा.

९ नोव्हेंबर
डोकं फुटायची वेळ आलीय. दुपारी धुणं घेऊन घरात शिरले, तर सासू लेकीला लाडू भरवतेय. सुकडीचे! वास ओळखते की मी. पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, तिलाही सातवाच. म्हणजे म्हशीचं सगळं थोतांड! सुनेचं पोर मोठं झालं तर पोट फाडतात, आणि लेकीचं झालं तर पेढे वाटतात का? हेच तोंडावर विचारलं. "पोटची ती पोटची," म्हणाली. लाज नाही वाटली!
पल्लवीने लाडू खाली ठेवला. तिला म्हणे सांगितलं होतं, वैनीला सुकडी आवडत न्हाई.

१० नोव्हेंबर
पल्लवीशी बोलले नाही. लाडवाला हात लावत नाही म्हणे, खुशाल उपाशी राहू दे.

१२ नोव्हेंबर
अंगणवाडीत गेले, तर पल्लवी आपणहून मागे आली. तिच्या मागून सासू – पहारा द्यायला! सेविका अफसाना मॅडमनी आम्हा दोघींना काट्यावर उभं केलं. पल्लवी माझ्याहून हलकी भरली. मी म्हटलं, मग हिलाही पाकीट द्या की! तर म्हणे, "हिचं नाव सासरी, कुंडलला हाय. मोबाईलात नावासंगं तोंडाचा फोटो जुळल्याबिगर पाकीट निघत न्हाई. तिकडनं नाव हलवून आणा, मग देते."
तिकडे तोंड नाही, इकडे नाव नाही! कुणाचं डोकं हे?
पल्लवी खाली बघत म्हणाली, "तिकडं हुते तवा तरी कुठं मिळत हुतं? सासू म्हणायची, पोर मोठं हुतंय. म्हशीला घालायची. खरंच घालायची."
सासू दारातच मटकन बसली. मी काही उठवायला गेले नाही. बसू दे!
रात्री तिने दोघींची ताटं सारखी वाढली. मी जेवले. राग तसाच आहे.

१३ नोव्हेंबर
सकाळी सकाळी सासू ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. कुंडलला निघालीय – पल्लवीचं नाव आणायला आणि विहीणबाईला झाडायला. मला म्हणते, "तू बी चल. सासूला काय काय बोलायचं, ते तुला चांगलं ठावं हाय."
चप्पल घालूनच लिहितेय हे.