आवाज गावातच राहतील

लिहून ठेवणार: पंचफुला डोमाजी तायडे, वय एकाहत्तर, बडनेरा स्थानकावरून निवृत्त उद्घोषक, राहणार बोरखेडी, तालुका अंजनगाव सुर्जी. पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना, राजीखुशीने मी ही व्यवस्था करते. तब्येत ठणठणीत आहे; त्याबद्दल शंका काढणाऱ्यांनी सकाळी माझं जेवण पाहावं.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं. मागच्या खोल्या माझी भाची नीलम हिच्या. पुढची खोली गावाची. तिच्यात गावाचे जुने फोटो, दंडारीच्या नाच-नाटकाचे पोशाख आणि म्हाताऱ्या माणसांचे मी टेप केलेले आवाज आहेत. दारात कोणाला जात विचारू नये. शहरातली एक संस्था हे सारं नेऊन काचेच्या कपाटात ठेवणार होती. मग आमच्या शेजारच्या शालूने आपल्या गेलेल्या आईचा आवाज ऐकायला तिकीट काढून जायचं की काय? संग्रह गाव सोडणार नाही.

२. खुशालराव धांडे यांच्याशी माझं जुनं भांडण. भर ग्रामसभेत ते म्हणाले, "हे भंगार काहून जमा करून राहिली? आमच्या घराण्याचं लिव्हून काढ, झाला गावाचा इतिहास."

मी म्हटलं, "तुमचं घराणं गावात राहते. गाव तुमच्या घराण्यात नाही राहत."

बोलणं बंद झालं. त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई मात्र भुलाबाईची गाणी टेप करायला माझ्याकडे हौसेने आल्या. त्यांना न्यायला आल्याचं निमित्त करून खुशालराव ओट्यावर कान देऊन बसले. टेप चालू असतानाच रुख्मिणीबाईंनी गाणं मधेच तोडून हाक मारली, "आत या ना! चोरावानी काहून ऐकून राहिले?" जमलेल्या बाया इतक्या हसल्या की पुढचं गाणं राहूनच गेलं.

पुढे रुख्मिणीबाई गेल्या. एका सकाळी खुशालराव दारात उभे. "बाई, तिचा आवाज मले ऐकव." मी लावला. ती हाक आली आणि ते ताडकन उठले, "आलो, आलो!" मग खोलीच्या मधोमध उभे राहून डोळे पुसत हसत सुटले. मीही. पुढच्या ग्रामसभेत खोलीच्या छपराचा ठराव त्यांनीच मांडला आणि पत्रे चढवायला स्वतः आले.

सबब सदर भांडण रद्द समजावं. ते कोणाच्याही वारसांकडे जाऊ नये.

३. टेप साफ करताना नीलमने त्यातलं हसणं कापू नये.

४. खोलीची एक किल्ली नीलमकडे, दुसरी खुशालरावांची नात आरती हिच्याकडे. दोघींनी भांडावं, पण खोली रोज उघडावी.

५. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा.

६. येत्या रविवारी मी आणि आरती एसटीने शेंदूरजनाघाटला निघालो आहोत. संत्री तोडणाऱ्या बायांनी गाणी म्हणायचं कबूल केलं आहे. वरील कलमं अमलात आणायची कोणी घाई करू नये.

सही: पंचफुला डोमाजी तायडे

बाईंनी आमच्यासमोर मोठ्याने वाचून सही केली, म्हणून आम्ही साक्ष घालतो:
१. सहदेव नारायण गावंडे
२. इंदूबाई किसन वानखडे

बोरखेडी, ३ डिसेंबर २०२४