विमानाच्या दारापासून रस्त्यापर्यंत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
प्रवासी सुरक्षा विभाग,
विमानतळ कार्यालय.

विषय : विमानात मद्य घेतलेल्या प्रवाशाकडून झालेल्या अपघाताची बंद केलेली चौकशी पुन्हा उघडण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ‘जबाबदारी निश्चित झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’

महोदय,

१. अर्जदार शहर बससेवेत सव्वीस वर्षे चालक आहे. त्याची पत्नी विमानतळाबाहेरच्या रस्त्यावर, दुभाजकातल्या झाडांची निगा राखण्याच्या कामावर होती. नऊ मार्च रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता ती पाण्याचा पाइप गुंडाळत असताना विमानतळाच्या वाहनतळातून निघालेली एक गाडी दुभाजकावर चढली. पत्नी जागीच गेली. गाडी चालवणारे गृहस्थ चाळीस मिनिटांपूर्वी विमानातून उतरले होते. तीन तासांच्या प्रवासात त्यांना दारूचे पाच पेले देण्यात आले होते. त्यांच्यावरचा खटला कोर्टात चालू आहे. त्याविषयी येथे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते बाकीच्यांविषयी.

२. अर्जदार प्रथम विमान कंपनीत गेला. तेथील साहेबांनी पाणी विचारले, खुर्ची दिली आणि सांगितले की प्रवाशाने दाराबाहेर पाऊल टाकले की कंपनीचा संबंध संपतो. विमानतळाच्या कचेरीत कळले की त्यांचे काम माणसांना आत घेताना तपासण्याचे. बाहेर जाणाऱ्याला कोणी तपासत नाही. वाहनतळाचा ठेकेदार म्हणाला, आम्ही गाडी सांभाळतो, गाडीवाल्याला नाही. वाहतूक पोलिसांनी तर फाटकापाशी नेऊन रस्त्यावरची पांढरी रेघच दाखवली आणि म्हणाले, आमची हद्द येथून. अर्जदाराची पत्नी त्या रेघेपासून बारा पावलांवर उभी होती. म्हणजे पोलिसांची जबाबदारी सुरू झाल्यावर तिला मरायला फार तर दोन सेकंद मिळाले.

३. अर्जदाराला रोज सकाळी बसची किल्ली मिळण्याआधी नळीत फुंकावे लागते. दोन वर्षांपूर्वी खोकल्याचे औषध घेतल्यामुळे यंत्र वाजले आणि त्याला त्या दिवशी घरी पाठवण्यात आले. पत्नी दिवसभर हसत होती. “जन्मात थेंबाला शिवला नाहीत आणि खोकल्याने नाव घालवलंत,” असे म्हणाली होती. अर्जदाराची त्या नियमाविरुद्ध तक्रार नाही. चमचाभर औषधासाठी जो नियम आहे, तो पाच पेल्यांसाठी का नाही, एवढेच त्याला कोणी समजावून सांगावे. वाहनतळाच्या फाटकावर असे यंत्र बसवावे, असा अर्ज त्याने एप्रिलमध्ये केला होता. ‘सन्माननीय प्रवाशांना अपमानास्पद वाटेल’ असे उत्तर आले.

४. त्यानंतर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी अर्जदार स्वतःच त्या फाटकापाशी उभा राहू लागला. तो गाडीच्या काचेशी वाकून हात जोडायचा आणि विचारायचा, “साहेब, विमानात घेतली असेल तर टॅक्सीने जाल का?” बहुतेकांनी काच वर केली. एक बाई मात्र नवऱ्याकडून किल्ली काढून घेऊन स्वतः चालवायला बसल्या. चौथ्या आठवड्यात अर्जदाराला आपल्या कार्यालयाची नोटीस मिळाली, वाहनांच्या मार्गात अडथळा आणल्याबद्दल. इतक्या कचेऱ्या फिरून स्वतःची हद्द कुठे संपते हे लेखी कळलेला अर्जदार हा एकटाच.

५. जून महिन्यात एक मुलगी घरी आली. त्या विमानातली ती हवाई सेविका. तिला बस म्हणायचेही अर्जदाराला सुचले नाही. दारातच उभी राहून ती म्हणाली, “काका, चौथ्या पेल्याला मी नाही म्हटलं होतं. त्यांनी तक्रार करतो म्हणून सांगितलं. आमचे वरिष्ठ म्हणाले, दे, उतरला की तो आपला नाही. पाचवाही मीच ओतला.” मग ती रडली. त्या विमानातले कोणी भेटले तर त्याच्यावर ओरडायचे अर्जदाराने ठरवले होते, ते राहूनच गेले. त्याने चहा केला. पत्नी गेल्यापासून घरात दोन कप प्रथमच भरले. जाण्याआधी तिने हे सारे कागदावर लिहून सही केली आणि तो कागद आपणाकडेही स्वतः नेऊन दिला.

६. त्याच कागदाच्या आधारे आपण जबाबदारी निश्चित केलीत आणि कंपनीने तिला कामावरून काढले. दे म्हणणारे वरिष्ठ आजही उडत आहेत. पाच पेल्यांची परवानगी देणारा नियम जागेवर आहे. फाटक उघडेच आहे. सगळ्यांनी हात झटकले, एकीने हात पुढे केला, आणि आपण नेमका तोच धरलात.

तरी चौकशी पुन्हा उघडावी, दारू द्या म्हणणाऱ्यांना बोलावून विचारावे, आणि त्या मुलीवरील कारवाई मागे घेण्याविषयी कंपनीस लिहावे. अर्जदाराची बायको गेली. तिच्या बदल्यात या मुलीची नोकरी त्याने मागितली नव्हती.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(सही)
बसचालक, आगार क्रमांक दोन
दिनांक : १९ सप्टेंबर

सोबत : हवाई सेविकेच्या जबाबाची प्रत, अर्जदारास मिळालेली नोटीस, पत्नीच्या मृत्यूचा दाखला.