अप्पांचा दगड

सोलापूर, रविवार संध्याकाळ

१. सकाळी सातला वडिलांबरोबर, अप्पांबरोबर, सांगोल्याजवळचा ओसाड डोंगर चढायला सुरुवात केली.
२. माथ्याच्या जरा खाली अप्पा छाती धरून बसले.
३. मी एकटी वर गेले.
४. घरी आईला सांगितलं, "दोघंही पोचलो."

चौथ्यातलं वाक्य खोटं आहे, आणि ते मी बोलले.

माथ्यावर दगडांची रास आहे. चढणारा प्रत्येक जण पायथ्याचा एक दगड नेतो आणि स्वतःच्या हाताने ठेवतो. अप्पांनी त्यांचा माझ्या हातात दिला. "माझा बी ठेव की. वर कोण बघतंय?"

"दम लागलाय का?"

"बूट चावतोय."

बूट चावला म्हणून कोणी छाती धरतं का? तेव्हा विचारलं नाही.

वर नुसता वारा होता, खाली डाळिंबाच्या बागा. माझा दगड ठेवला. त्यांचा ठेवता आला नाही.

जेवताना ते आईला म्हणाले, "माझा दगड हिच्यापेक्षा मोठा हाय." आई हसली. दगड तेव्हा माझ्या बॅगेत होता. मी पूल तपासते. केसाएवढी भेग दिसली तरी अहवालात लिहिते. मग अप्पांच्या छातीबद्दल मी घरी गप्प का बसले?

आता तो टेबलावर आहे. सकाळी त्यांच्या चहाशेजारी ठेवीन, खाली ही चिठ्ठी:

अप्पा, दगड मी ठेवला नाही. तो तुमच्या हातानेच ठेवायचा आहे. त्याआधी माझ्याबरोबर हृदयाच्या डॉक्टरांकडे येणार का? सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगा.