साडेनऊशे किलोंची कॅरव्हॅन

२ एप्रिल, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठे निर्णय घेणाऱ्या माणसाकडे नोंदी हव्यात.
जुन्या गाडीचा गिअरबॉक्स काल गेला. घरात सुतकी चेहरे. मी मनातून खूष. आता अशी गाडी घ्यायची, की आठवडाभर घरची चार माणसं वाहील आणि शनिवार-रविवारी मागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढेल. कॅरव्हॅन आहेच. जानेवारीत एका निवृत्त प्लंबरकडून घेतली, दारात उभी आहे. बायको म्हणते, घोड्याचा पत्ता नाही आणि टांगा आणून ठेवलाय. म्हटलं, याला दूरदृष्टी म्हणतात.
लेक चौदा जूनला दूरच्या शहरात शिकायला जाणार. दोन वर्षं. तिला शब्द दिलाय: त्याआधी लेक, बायको, सासरे आणि मी, चौघं कॅरव्हॅन घेऊन तळ्याकाठी दोन दिवस राहू. अडीच महिने हातात. चिक्कार झाले.

५ एप्रिल
तक्ता केला. अकरा गाड्या, चोवीस रकाने. ओढण्याची ताकद, हुकवर येणारा भार, सासऱ्यांचे गुडघे, बायकोचं पार्किंग. कॅरव्हॅनचं वजन माहितीपत्रकातून घेतलं: ९५० किलो. पक्का आकडा. छापील आहे.

६ एप्रिल
ऑफिस. दिवसभर दुकानांतले वजनकाटे तपासले. एक धान्यवाला म्हणतो, पोत्यावर पन्नास किलो छापलंय की साहेब. चांगला झापला. म्हटलं, छापील वजनावर विसंबतो तो बुडतो. लोकांना अक्कल कधी येणार, देव जाणे.

११ एप्रिल, संध्याकाळी
पहिली शोरूम. ओढणाऱ्या गाड्या उंच असतात, म्हणून चाचणीला सासऱ्यांना नेलं. विकणारा तरुण, गळ्यात लाल टाय, तोंडात साखर. टायवाल्याने मागून लोटलं, मी आतून ओढलं, सासरे चढले. उतरेनात. पाऊण तास. आत एसी, दोनदा कॉफी आली. सासरे म्हणाले, जावईबापू, गाडी झकास आहे, मला इथेच ठेवा आणि तुम्ही घरी जा. शेवटी स्टूल आणून उतरवले.
निष्कर्ष: गाडीत दोष नाही. सासऱ्यांना व्यायाम कमी पडतो.

१३ एप्रिल
सासऱ्यांना जिन्याच्या दोन पायऱ्या रोज दहा वेळा, असं वेळापत्रक लावलं. बायकोने ते फाडलं. बोलणं बंद.

१५ एप्रिल
बोलणं सुरू. पण नको ते.

२५ एप्रिल
पुन्हा टायवाला. या वेळी बुटकी, लांब गाडी. सासरे आपापले चढले, आपापले उतरले, वर टायवाल्याच्या पाठीवर थाप मारली. ओढते अकराशे किलो. म्हणजे आपलं काम फत्ते! टायवाल्याने सहज विचारलं, कॅरव्हॅनमध्ये काय काय आहे. सांगितलं अभिमानाने: प्लंबरने हौसेने बसवलेला ओतीव लोखंडाचा टब, दगडी ओटा, खाली फरशी. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. भारावला असावा. मग म्हणाला, साहेब, एकदा वजन करून घ्या.
हसू आवरेना. वीस वर्षं काटे तपासतोय मी, आणि हा मला वजन शिकवणार! या माणसावरचा भरवसाच उडाला. या शोरूममधून गाडी घेणे नाही.

९ मे
तक्ता चौतीस रकान्यांवर. गाड्या सतरा. कुठलीही घ्यायची म्हटली की दुसरी डोळ्यांसमोर येते. ठरवलं, उद्या ठरवायचं.
बायको सासऱ्यांना टॅक्सीने दवाखान्यात नेते. भाजीच्या पिशव्या बसमधून. घरी आली की पिशव्या माझ्या तक्त्यावर ठेवते. जागा काय कमी आहे?
लेकीने विचारलं, बाबा, कधी निघायचं? म्हटलं, अंतिम टप्पा. ती म्हणाली, गाडी राहू दे, आपण तक्त्यावर बसून जाऊ. आईवर गेलीये.

२० मे
लेक म्हणते, बसने जाऊ, तळ्याकाठी खोली घेऊ, दोन दिवस मजा करू. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. मोह झाला. पण शब्द म्हणजे शब्द. कॅरव्हॅन म्हणजे कॅरव्हॅन. तिला म्हटलं, तू बघच. ती म्हणाली, बघतेच आहे की.

३० मे
घात! बायको आपल्या भावाबरोबर गेली आणि दोन तासांत गाडी घेऊन आली. छोटीशी, करड्या रंगाची. एकही रकाना न भरता! मला विचारायचं तरी, म्हटलं. म्हणाली, तीनदा विचारलं, तुम्ही प्रत्येक वेळी हूं म्हणालात. सासरे मागच्या सीटवर बसून राहिले आहेत. खाली या म्हटलं तर काच वर केली.
सगळे आनंदात. मीच एकटा वेडा.

३ जून
हार मानायची नाही. गाडीला हुक लावून घ्यायला गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, ओढेल ना. सायकल ओढेल. उतारावर.

७ जून, सकाळी ६.००
सुचलं! दोन महिने डोकं कुठे होतं? चौदा तारखेला पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा, मागे कॅरव्हॅन जोडायची, आणि लेकीला थेट त्या शहरात नेऊन सोडायचं. वाटेत तळं लागतंच. सहल आणि पोचवणं एकात. मी पिकअपमध्ये, बाकी तिघं मागून करड्या गाडीत. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, चालेल बाबा, तू आहेस ना बरोबर, मग चालेल. पोरगी गुणाची आहे.
बायकोने लेकीचं साडेअकराच्या ट्रेनचं तिकीट मात्र रद्द केलं नाही. म्हणे, असू दे.

१३ जून
पिकअपवाला येऊन गेला. कॅरव्हॅनच्या आत डोकावला, टबवर टिचकी मारली. म्हणाला, लांबचा रस्ता आहे, वजनाची पावती असल्याशिवाय नेणार नाही. काय ही माणसं! ठीक. सकाळी सातला गिरणीच्या वजनकाट्यावर जायचं, पावती घ्यायची, आठला घरी. तिघं तयार राहतील. अर्ध्या तासाचं काम.

१४ जून, दुपारी १.२०
गिरणीच्या काट्यावरून लिहितोय. कॅरव्हॅनमध्ये बसून. कॅरव्हॅन काट्यावर.
पुढे अकरा ट्रकांची रांग होती. चढावर पिकअपचा क्लच जळाल्याचा वास आला होता, पण वाटलं, त्याची सर्व्हिसिंग राहिली असेल. पावणेदहाला नंबर लागला. नुसत्या कॅरव्हॅनचा आकडा आला: १८७०.
म्हटलं, काटा चुकतोय. काटामालक म्हणाला, साहेब, गेल्या महिन्यात तुम्हीच तपासून सील लावलंय. सही दाखवली. माझीच.
पिकअपवाल्याने हुक सोडला आणि निघून गेला. आता ही हलत नाही. क्रेन तीनला येणार. मला सोडत नाहीत, म्हणतात, धूड टाकून पळाल तर आमचा धंदा कोण करणार? त्यांचंही खरं आहे. मीही सोडलं नसतं.
सव्वादहाला घरी फोन केला. म्हटलं, निघतोच. अर्ध्या तासाने पुन्हा तेच म्हटलं. बायको म्हणाली, आठ वाजल्यापासून पोरगी बॅगेवर बसून फाटकाकडे बघतेय, आत ये म्हटलं तरी येत नाही, आता मी तिला स्टेशनवर नेतेय. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.
बाराला लेकीचा फोन आला, ट्रेन सुटल्यावर. काहीतरी बोलायचं म्हणून वजन सांगितलं. ती हसली. मग विचारलं, काही खाल्लंस का? हो म्हटलं. म्हणाली, डिसेंबरात सुट्टी आहे, तू मला घ्यायला स्टेशनवर ये. काही ओढत आणू नकोस बाबा. नुसता ये.
फोन ठेवला आणि रडू फुटलं. आवरेचना. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत. त्यांना वाटतंय, मी मुद्दाम आत बसून राहिलोय.