खिडकीतली अग्निशिखा

बुलावायो,
१४ ऑक्टोबर

प्रिय सिथाबिले,

तू आणि माखावे ग्वांडात सुखरूप असाल, तुझ्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं असेल, अशी आशा करतो. इकडे सगळं तसंच. नळाला आठवड्यातून दोन दिवस पाणी. जाकारांडा फुललाय, रस्ता जांभळा झालाय. वर्षभर गप्प बसलेल्या दादाला आज लिहायचं कसं सुचलं, असं तू म्हणशील. म्हण.

पहिली बातमी, मी पिल्लू पाळलंय. नाव थुला, म्हणजे ‘गप्प’. शेजारची मासिबांडा कुंपणावरून म्हणाली, “गुरुजी, हे नाव कुत्र्याचं की तुमचं? तुमचं असेल तर वस्तीवर उपकार होतील.”

दुसरी बातमी, माखावे ज्या मटणाच्या दुकानात काम करतो, त्याच्या मालकाचं मला पत्र आलंय. तो आता थकला आहे. दुकान माखावेच्या हाती द्यायचं म्हणतो. पण त्याच्या कानावर गेलंय की बुलावायोत असताना माखावेने कुत्र्याला विष घातलं. वस्तीच्या राखण समितीचा अध्यक्ष म्हणून मी खरं काय ते कळवावं, अशी विनंती आहे. मी लगेच उत्तर लिहिलं: “होय, खरं आहे.” पाकीट कोटाच्या खिशात ठेवलं.

मंगळवारी ते पाकीट खिशात असतानाच मी थुलाला उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे धावलो. आदल्या दिवसापासून तो ओकत होता. त्यात आता रक्त पडायला लागलं होतं.

डॉक्टर न्याथी म्हणजे कालची पोर. तिने विचारलं, “काय खाल्लं याने?”

“विष! गेल्या वर्षी माझ्या बाझोथिनी कुत्र्याला घातलं, तसंच.”

“कोणी घातलं होतं?”

मी तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. सिथाबिले, ते इतक्या सहज तोंडातून गेलं की माझं मलाच ऐकू आलं नाही.

ती म्हणाली, “बाबा, चोर मांसातून टाकतात त्या विषाने कुत्रा बघता बघता जातो. हा कालपासून ओकतोय. घरात झाडं कोणती आहेत?”

मग काय, मी सुरू झालो! माझ्या घरात परक्यांचं एक पान नाही. गोऱ्यांच्या बैठकीतली शोभेची झाडं मी उपटून फेकली. माझ्या खिडकीत आपल्या देशाचं फूल आहे, अग्निशिखा. आपल्या मातीचं झाड आपल्याशी वैर करत नाही, हे मी तीस वर्षं वर्गात सांगितलंय...

तिने मला थांबवलं नाही. चिमट्यात एक पांढरट तुकडा धरून माझ्यापुढे केला. उलटीत सापडलेला.

“हा त्याचाच कंद ना? खाणारा आपला की परका, हे कंदाला कसं कळणार, बाबा? आणि कुंडीत खत कोणतं घालता?”

“हाडांचा चुरा.”

“म्हणजे विषावर हाडाचा वास लावून ते कुत्र्याच्या नाकासमोर ठेवलंत. उंच टांगायची तरी होती.”

मी खुर्चीत बसलो.

हेच तू सांगितलं होतंस. मी कुंडी भरत होतो, पाहुणे बसले होते, तू चहा घेऊन आलीस. “दादा, आईने हा कंद अंगणातसुद्धा येऊ दिला नाही. निदान वर तरी टांग.” मी पाहुण्यांना म्हणालो, “बहीण गोऱ्या मालकिणीकडे राबून आली ना, आता तिला आपल्याच मातीची भीती वाटते.” सगळे हसले. तू कप गोळा करून आत गेलीस.

हे पत्र मी आधी इथेच संपवलं होतं. म्हातारा अडाणी होता, चुकला, त्याला माफ करावं, असं वाटण्यासारखं ते पत्र होतं. पाकीट चिकटवलं. मग फाडलं.

सिथाबिले, मला तेव्हाच माहीत होतं.

बाझोथिनी ज्या रविवारी आजारी पडला, तू चर्चला गेली होतीस. कुंडी आडवी पडली होती, माती जमिनीवर होती, अर्ध्या कंदावर दातांच्या खुणा होत्या. मी कंद परत पुरला. माती झाडली. हात धुतले. तू परत आलीस तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो. दोन दिवस तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने त्याची जीभ भिजवत होतीस. “दादा, हा काही खाऊन आला का रे?” असं तीनदा विचारलंस. मी तीनदा “नाही” म्हणालो. डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर कदाचित तो वाचला असता. पण मग तू बरोबर ठरली असतीस, आणि मी सगळ्यांदेखत चूक.

तिसऱ्या दिवशी तो गेल्यावर वस्तीच्या सभागृहात मी पाऊण तास बोललो. “ज्या हाताने हाड दिलं, त्याच हाताने विष दिलं!” टाळ्या पडल्या. माखावे दाराशी टोपी हातात धरून उभा होता. “दादा, मी तर त्याला...” एवढंच म्हणाला. पुढचं मी बोलू दिलं नाही. आणि तो दर शनिवारी कुत्र्यासाठी आणायचा, त्याच हाडांचा चुरा मी त्या कुंडीत घातला होता.

थुला आज थोडं पाणी प्यायला. जगेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाही.

येत्या शनिवारी सभागृहात सभा बोलावली आहे. जे तेव्हा टाळ्या वाजवत होते, त्या सगळ्यांना निरोप गेलेत. मासिबांडाने विचारलं, “या वेळी कोणाचा नंबर, गुरुजी?” मी म्हणालो, “माझा.” ती हसली नाही. तुम्ही यावं असं मी म्हणत नाही. तो हक्क मला नाही.

कोटाच्या खिशातलं पाकीट फाडलं आणि दुकानाच्या मालकाला दुसरं उत्तर आजच टपालात टाकलं. ते असं: “माखावेने कुत्र्याला विष घातलं नाही. ते माझ्या घरातल्या कुंडीत होतं, हे मला माहीत होतं, आणि मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. दुकान त्याच्या हाती द्या.” हे माखावेला तू वाचून दाखव. मी समोर असतो तर पुन्हा भाषण केलं असतं.

उत्तर नाही आलं तरी समजेन.

तुझ्याशी तीनदा खोटं बोललेला,
झेन्झो