चकची चावी

बेलवली, रविवार, दिवेलागण

आज लेथचा चक, म्हणजे फिरणारा तुकडा धरणारा जबडा, चावीने आवळला, चावी त्यातच राहिली आणि मी बटण दाबलं. चावी कानाजवळून उडून थेट कॅलेंडरवर. एकादशीला भोक पडलं. उपवास सुटला म्हणायचा.

सुमन होती तोवर असं कधी झालं नाही. तिला यंत्रातलं ओ की ठो कळत नसे, पण स्वयंपाकघरातून दर वेळी विचारायची, "अहो, चावी काढलीत का?" मी म्हणायचो, "झाला तुझा नित्यपाठ?"

अंबरनाथच्या मित्राने फोनवर उपाय सांगितला. चावीच्या टोकाला स्प्रिंग बसव, हात सोडताच ती आपोआप बाहेर पडते. बसवली. पडते. म्हणजे आता कुणी विचारायची गरजच नाही.

तरी बटणावर बोट ठेवून थांबलोच. किती वेळ थांबणार?

"काढली गं," म्हणालो आणि मशीन सुरू केलं.