शांतीच्या साक्षीची तयारी

लातूर, ५ मे १९८६, सोमवार
हे देवाघरी जाऊन तीन महिने झाले. मी एकदाही रडले नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, राहेलबाई, पंचवीस तारखेला उपासनेत साक्ष द्या, देवाने कसं सावरलं ते सगळ्यांसमोर सांगा, विषय ‘दुःखातली शांती’. मी हो म्हणाले. मंडळीत दुसरं आहे कोण? आजपासून राग बंद.

६ मे
लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आले, नळाला अजून कळलेलं नाही. टँकरवर धुरपताबाईने घागर पुढे घातली. बाई आमच्याच गल्लीतली, आणि चर्चमधलीही. मी शांतपणे शिस्त समजावली. चौकापर्यंत ऐकू आलं म्हणतात. हेडमिस्ट्रेसचा आवाज निवृत्त होत नाही.

८ मे, गुरुवार
प्रार्थनासभा. कोणाला रागावून बोलायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून देवालाच सांगितलं: हे प्रभू, रांग मोडणाऱ्या भगिनींना सुबुद्धी दे. पाठोपाठ धुरपताबाईची प्रार्थना: आन बापा, ज्या बाया लई शिकल्यात त्यांला जरा गोड बोलाया शिकीव. मोठ्ठं आमेन झालं. माझ्या वेळी लोक पेंगत होते.

१४ मे
नणंद एस्तेर आली. ह्यांचा चष्मा पाहून रडत बसली. विश्वास कमी. म्हणाली, वैनी, तू दगड हायस का? म्हटलं, खडक. पवित्र शास्त्रात खडकाला मान आहे. चष्मा कपाटात टाकून कुलूप लावलं. पसारा नको.

१५ मे
प्रार्थनासभेत माझी प्रार्थना बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू केली, म्हणजे धुरपताबाईला वेळच उरू नये. तिने नुसतं ‘बाईंला सांभाळ’ म्हटलं. टोमणाच असणार.

२३ मे
साक्ष पाठ. आवाज जिथे किंचित कातर करायचा तिथे खूण केली. ‘प्रभूने माझे अश्रू पुसले’ हे वाक्य उत्तम.

२५ मे, रविवार
उभी राहिले. समोर ह्यांची जागा, खिडकीजवळची. तिथे ते प्रवचनात झोपत आणि मी गायनपुस्तकाने ढोसत असे. आज तिथे कोणी झोपलं नव्हतं.
एक शब्द फुटला नाही. मग जे फुटलं ते थांबेना. धुरपताबाई उठून आली, पदर माझ्या तोंडाला लावला. म्हणाली, रडा बाई, हितं काय टँकरची रांग न्हाई.
पाळकसाहेब म्हणाले, साक्ष मनापासून झाली.
घरी येऊन भरदुपारी झोपले. उठले तेव्हा टँकर येऊन गेला होता. पहिल्यांदाच चुकला. कोणावर ओरडावं ते सुचलं नाही.